एक आवार, अनेक पोटे: लहान शेतावरील मिश्र पशुपालन

बेंगळुरू शहरातून देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, होसकोटे किंवा कनकपुरा यांपैकी कोणत्याही रस्त्याने बाहेर पडलात, तर अर्ध्या-एक एकराची तारेच्या कुंपणातली अनेक शेते दिसतात. त्यांचे मालक बहुतेक वेळा शहरात नोकरी करतात. कर्नाटकात २०२० साली भूसुधारणा कायद्यात बदल झाला आणि बिगरशेतकऱ्यांनाही शेतजमीन विकत घेण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर अशा शेतांकडे अधिक लोक वळू शकले. जमीन घेतली की पुढची इच्छा ठरलेली असते: एक गाय, दोन-चार शेळ्या, दहा-पंधरा कोंबड्या, राखणीला कुत्रा, जमल्यास बदके आणि ससे. म्हणजे प्राण्यांचे एक मिश्र कुटुंब.

हे कुटुंब नीट चालू शकते. पण ते चालते प्रेमापेक्षा हिशोबावर. या पाठाचे सूत्र एका वाक्यात सांगता येईल: प्राण्यांचे आवार एक असू शकते, पण त्यांचे ताट, रात्रीची जागा आणि आजाराची वही वेगळीच ठेवावी लागते. हौसेच्या शेतावर प्राणी दगावतात तेव्हा त्यामागे बऱ्याचदा क्रूरता किंवा दुर्लक्ष नसते. एकाचे खाद्य दुसऱ्याला मिळते, नवा प्राणी थेट जुन्यांत सोडला जातो, किंवा जमिनीला पेलणार नाही इतकी संख्या होते. ही तिन्ही कारणे आधी समजून घेतली तर टाळता येतात.

या पाठात आपण पाच गोष्टी पाहू: प्राण्यांच्या पचनातील फरक, खाद्याच्या अदलाबदलीचे धोके, वीस गुंठ्यांचा चाऱ्याचा हिशोब, सामाईक आजार आणि वाढत्या कुटुंबाचा प्रश्न.

१. मिश्र कळपाचा जुना नमुना

मिश्र पशुपालन ही शहरी हौशी माणसाची कल्पना नव्हे. दख्खनच्या पठारावर धनगर कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या, शेळ्या, घोडी, कुत्रे आणि कोंबड्या घेऊन फिरत आली आहेत. या वाड्याकडे नीट पाहा. मेंढ्या लोकर, मांस आणि लेंडीखत देतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतो आणि त्याचा मोबदला देतो. शेळ्या घरापुरते दूध देतात. घोडी बिऱ्हाड वाहतात, कुत्रे लांडग्यापासून राखण करतात आणि कोंबड्या घोड्यावरच्या सामानासोबत प्रवास करतात.

इथे प्रत्येक प्राण्याला एक काम आहे आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. वाघुरात मेंढ्या, पालाजवळ लहान करडे-कोकरे, बाहेरच्या बाजूला कुत्रे. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे कळप सतत पुढे सरकतो. त्यामुळे एकाच जमिनीवर लेंड्या आणि जंतांची अंडी साचत नाहीत. तुमचे शेत सरकणार नाही. म्हणून धनगराचे चालणे जे काम करते, ते तुम्हाला कुंपण, चराईची फेरपालट आणि स्वच्छता यांनी करावे लागते.

२. पोटांचा फरक

वरून पाहता गाय, शेळी, ससा आणि कोंबडी या सगळ्यांना हिरवा पाला चालतो. आतली यंत्रणा मात्र अगदी वेगळी असते.

गाय, शेळी आणि मेंढी हे रवंथ करणारे प्राणी. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातल्या सर्वांत मोठ्या कप्प्याला, म्हणजे कोठीपोटाला, आंबवण्याचे पिंप समजा. तिथले सूक्ष्मजीव तंतुमय चारा फोडतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर जनावराला ऊर्जा मिळते. म्हणजे तुम्ही गाईला चारता तेव्हा आधी या सूक्ष्मजीवांना चारत असता. त्यांना अचानक बदल मानवत नाही. नवा चारा किंवा आंबोण सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवावे लागते ते याचसाठी. वासराचे कोठीपोट जन्मतः तयार नसते. ते कार्यक्षम व्हायला साधारण तीन महिने लागतात, म्हणून लहान वासराला मोठ्या गाईचे आंबोण चालत नाही.

गाय आणि शेळी यांच्यातही फरक आहे. गाय जिभेने गवत वेढून ओढते आणि खाली मान घालून चरते. शेळी मुळात झुडपांचा पाला खाणारी आहे. मान वर करून, मागच्या पायांवर उभी राहून ती कोवळी पाने निवडते. तिला फक्त जमिनीलगतचे गवत चरायला लावले तर ती नाराज होतेच, शिवाय जंतही अधिक घेते.

ससा रवंथ करत नाही. त्याचे आंबवण्याचे काम आतड्याच्या मागच्या भागात होते. कोंबडीला दात नाहीत. ती पेषणीत खड्यांच्या मदतीने दाणे दळते आणि चोथा फारसा पचवू शकत नाही. कुत्रा मांस आणि शिजवलेले अन्न पचवतो.

याचे एक चांगले उदाहरण म्हणजे सुबाभूळ. हा पाला प्रथिनांनी समृद्ध आहे, पण त्यात मिमोसीन नावाचे विषारी द्रव्य असते. आपल्याकडच्या गाई-शेळ्यांच्या कोठीपोटात सहसा हे द्रव्य निकामी करणारे जिवाणू असतात, म्हणून एकूण हिरव्या चाऱ्याच्या एक तृतीयांशापर्यंत सुबाभूळ त्यांना चालते. सशाला किंवा कोंबडीला तोच पाला मोठ्या प्रमाणात दिला तर केस-पिसे गळणे आणि वाढ खुंटणे असे परिणाम दिसतात. पाला एकच असला, तरी तो अन्न ठरतो की विष, हे पोटावर अवलंबून आहे.

३. खाद्याची अदलाबदल

आता सर्वांत धोक्याची बाब पाहू. पुढील चार प्रसंग लक्षात ठेवा.

पहिला: शेळी कोंबडीच्या खाद्यात शिरते. हौशी शेतावर हा प्रसंग नेहमीचा आहे. खुराड्याचे दार उघडे राहते आणि शेळी किलो-दीड किलो दाणे खाऊन टाकते. कोठीपोटात पिष्टमय पदार्थ वेगाने आंबतात, लॅक्टिक आम्ल साचते आणि आम्लता इतकी वाढते की जनावर काही तासांत आडवे पडते. याला आपण आम्लविषबाधा म्हणतो. पोट फुगणे, दात खाणे, सैल पडणे, रवंथ थांबणे ही लक्षणे. अशा वेळी वाट न पाहता पशुवैद्यकाला बोलवावे. कोंबडीच्या खाद्यात जास्त दाणे खाल्ल्याने आंत्रविषाराचा झटकाही येऊ शकतो.

दुसरा: मेंढीला दुसऱ्याचे खनिज मिश्रण मिळते. मेंढीला तांबे फार थोडे लागते आणि जादा तांबे ती यकृतात साठवत जाते. गाय, डुक्कर किंवा कोंबडी यांच्यासाठी बनवलेल्या खाद्यात तांबे मेंढीच्या गरजेपेक्षा बरेच जास्त असू शकते. कित्येक आठवडे काहीच दिसत नाही. मग एखाद्या ताणाच्या दिवशी, वाहतूक किंवा पावसानंतर, साठलेले तांबे रक्तात उतरते. कावीळ होते, लघवी गडद होते आणि मेंढी दगावते. मंड्या भागातली प्रसिद्ध बन्नूर मेंढी पाळायची असेल तर तिच्यासाठी मेंढीचेच खनिज मिश्रण घ्यावे. शेळीची सहनशक्ती यापेक्षा बरी असते.

तिसरा: घोड्याला कोंबडीचे खाद्य मिळते. कोंबडीच्या काही खाद्यांत रक्ती हगवण रोखण्यासाठी मोनेन्सिन हे औषध घातलेले असते. कोंबडीला ते मानवते. घोड्याच्या बाबतीत शरीराच्या दर किलो वजनामागे दोन-तीन मिलिग्रॅम मात्राही जीवघेणी ठरू शकते, कारण ते हृदयाच्या स्नायूवर परिणाम करते. कुत्र्यालाही ते धोक्याचे. म्हणून पोत्यावरचे लेबल वाचण्याची सवय लावा. पोते उघडले की खाद्य झाकणाच्या पिंपात ठेवा आणि पिंपावर प्राण्याचे नाव मोठ्या अक्षरांत लिहा.

चौथा: पिल्लाला अंडी देणाऱ्या कोंबडीचे खाद्य मिळते. अंड्याच्या टरफलासाठी अशा खाद्यात सुमारे साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते. पिल्लांना साधारण एक टक्का पुरते. जादा कॅल्शियममुळे त्यांची मूत्रपिंडे खराब होतात. बदकाच्या पिल्लाची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याला नियासिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त लागते. ते कमी पडले तर त्याचे पाय वाकतात.

या चारही प्रसंगांना एकच उपाय आहे: एकत्र चारू नये. प्रत्येकाची गव्हाण, भांडे आणि वेळ वेगळी ठेवावी. लहान करडांसाठी असे अडसर लावावेत की करडू आत जाईल पण शेळी जाणार नाही. कोंबड्यांचे खाद्य खुराड्याच्या आत ठेवावे आणि खुराड्याचे दार कोंबडीच्या मापाचे असावे.

४. वीस गुंठ्यांचा हिशोब

आता आपण एक उदाहरण सोडवू. गृहीत धरा की देवनहळ्ळीजवळ वीस गुंठे, म्हणजे अर्धा एकर जमीन आहे. बोअरवेलला माफक पाणी आहे. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंचीचा हा पठारी भाग आहे. वर्षभराची हवा सौम्य असते आणि पाऊस उन्हाळ्याच्या शेवटी व परतीच्या काळात अशा दोन टप्प्यांत जोर धरतो. आपल्याला पाळायचे आहेत: ३०० किलो वजनाची एक गाय, सुमारे ३० किलोच्या चार शेळ्या, पंधरा कोंबड्या आणि एक कुत्रा.

पहिली पायरी: कोरड्या पदार्थाची गरज. चाऱ्यातील पाणी वजा करून उरते तो कोरडा पदार्थ. गाईला वजनाच्या सुमारे अडीच टक्के, तर शेळीला साडेतीन टक्के लागतो.

गाय: ३०० × २.५ ÷ १०० = ७.५ किलो रोज.
चार शेळ्या: १२० × ३.५ ÷ १०० = ४.२ किलो रोज.

इथेच थांबून विचार करा. चार शेळ्यांची भूक एका गाईच्या भुकेच्या निम्म्याहून अधिक आहे. शेळी लहान दिसते म्हणून आपण तिची गरज कमी धरतो. प्रत्यक्षात वजनाच्या तुलनेत ती गाईपेक्षा जास्त खाते.

दुसरी पायरी: गाईचा चारा. २ किलो आंबोणातून सुमारे १.८ किलो, ३ किलो नाचणीच्या काडातून २.७ किलो आणि १५ किलो नेपिअर गवतातून, त्यात वीस टक्के कोरडा पदार्थ धरून, ३ किलो. एकूण ७.५ किलो. बेंगळुरूच्या आसपास नाचणी हे मुख्य पीक आहे आणि तिचे काड भाताच्या पेंढ्यापेक्षा पोषणाने सरस असते. कापणी नोव्हेंबर-डिसेंबरात होते, तेव्हा ते स्वस्त असते. गाईला वर्षभरासाठी ३ × ३६५ म्हणजे सुमारे १,१०० किलो काड लागेल. ते एकदम घेऊन पावसापासून झाकून ठेवावे.

१५ किलो नेपिअरचे वर्षाला सुमारे साडेपाच टन होतात. संकरित नेपिअरचे उत्पादन कागदावर हेक्टरी ३५० टनांपर्यंत सांगितले जाते. म्हणजे गुंठ्याला साडेतीन टन. पण नवख्या माणसाने निम्मेच धरावे. दीड टन धरले तर जवळपास चार गुंठे जमीन नेपिअरला लागेल.

तिसरी पायरी: शेळ्यांचा चारा. प्रत्येकी २०० ग्रॅम आंबोणातून एकूण ०.७ किलो कोरडा पदार्थ मिळतो. उरलेल्या ३.५ किलोपैकी निम्मा पाल्यातून, निम्मा वाळलेल्या भुश्यातून द्यायचा ठरवू. तूर, हुलगा किंवा हरभऱ्याचा भुसा शेळ्यांना आवडतो. तो रोज २ किलो पुरेल. पाल्यातला सुमारे पावणेदोन किलो कोरडा पदार्थ मिळवायला साधारण ६ किलो ओला पाला लागतो. वर्षाचे झाले सव्वादोन टन. बेंगळुरूजवळचा हा भाग रेशीम उद्योगाचा आहे, त्यामुळे तुतीचा पाला हा शेळ्यांसाठी चांगला पर्याय आहे. गुंठ्याला वर्षाला साडेतीनशे किलो पाला धरला तर सहा गुंठे तुती लागेल. कुंपणावर सुबाभूळ, हदगा आणि शेवगा लावला तर हे क्षेत्र थोडे कमी होते. शेजाऱ्याच्या तुतीचा पाला आणत असाल तर आधी फवारणी विचारा. रेशीमकिड्यासाठी वाढवलेल्या तुतीवर सहसा सांभाळून फवारतात, इतर पिकांजवळच्या पाल्याचा मात्र भरवसा नसतो.

चौथी पायरी: एकूण क्षेत्र. नेपिअर ४ गुंठे, तुती ६ गुंठे, गोठा-खुराडे-अंगण-वाट ३ गुंठे, घर आणि पाणी साठवण २ गुंठे. राहिले ५ गुंठे, भाजीपाला आणि खताच्या खड्ड्यासाठी. बेरीज नेमकी वीस. आणखी चार शेळ्यांसाठी तुतीचे सहा गुंठे वाढवले तर भाजी गेली आणि तरीही जमीन कमी पडली. संख्या वाढवायची तर चारा विकत घ्यायची तयारी हवी.

पाचवी पायरी: पाणी. गाईला पिण्यासाठी दिवसाला ४० ते ६० लिटर, शेळीला ४ ते ५ लिटर आणि कोंबडीला सुमारे पाव लिटर. कुत्रा धरून रोजचे सुमारे ६० ते ८५ लिटर. धुणे, आंघोळ आणि चाऱ्याचे ओलीत वेगळे. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूत अनेक बोअरवेल आटल्या होत्या. म्हणून किमान सात दिवसांचे पिण्याचे पाणी, म्हणजे सहाशे लिटरची टाकी, भरलेली ठेवावी. प्राण्याला चारा एक दिवस कमी पडला तर तो तग धरतो. पाणी मात्र चुकता कामा नये.

५. जागा आणि संगत

जागेचे किमान माप असे: गाईला छताखाली साडेतीन चौरस मीटर आणि त्याच्या दुप्पट मोकळी जागा, शेळीला छताखाली सुमारे एक चौरस मीटर, कोंबडीला खुराड्यात दीड ते दोन चौरस फूट. शेळी ओल्या जमिनीवर आजारी पडते, म्हणून तिच्यासाठी लाकडी पट्ट्यांचा उंच माचा उत्तम.

संगत हीसुद्धा गरज आहे. शेळी, मेंढी, कोंबडी आणि बदक हे कळपाचे प्राणी आहेत. एकटी शेळी ओरडते, खाणे सोडते आणि कुंपण ओलांडते. कमीत कमी दोन पाळाव्यात. कोंबडा ठेवायचा असेल तर दहा कोंबड्यांमागे एक पुरे. बदकांचे नर कोंबड्यांना इजा करू शकतात आणि बदके पाणी सांडून तूस ओले करतात, म्हणून त्यांचे रात्रीचे घर वेगळे असावे. रात्र ही सर्वांत धोक्याची वेळ. बन्नेरघट्टा परिसरात बिबटे आहेत, मोकाट कुत्री सगळीकडे आहेत. सूर्यास्तापूर्वी प्रत्येक जण आपापल्या बंद जागी हवा. केवळ कुंपणाने बिबट्या थांबत नाही, छतही लागते.

६. आजार: सामाईक आणि वेगळे

एकत्र राहणारे प्राणी एकमेकांना आजार देतात. पण सगळे आजार सगळ्यांना होत नाहीत. हा फरक कळला की शेताची मांडणी आपोआप सुचते.

पक्ष्यांपासून सुरुवात करू. बेंगळुरूजवळच्या हेसरघट्टा येथे केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. तिथे कोंबड्यांबरोबर बदके आणि टर्कीसारखे पक्षीही सांभाळले जातात. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिथल्या टर्की मोठ्या संख्येने मरू लागल्या आणि तपासणीत एच५एन१ बर्ड फ्लू आढळला. त्यानंतर आवारातले इतर पक्षीही नष्ट करावे लागले. तज्ज्ञ मनुष्यबळ असलेल्या संस्थेवर ही वेळ येते, यावरून धडा घ्यावा. बर्ड फ्लूचा विषाणू बदकांत काही वेळा फारशी लक्षणे न दाखवता राहू शकतो, आणि तोच कोंबडी-टर्कीत कहर करतो. म्हणून पक्षी मिसळून ठेवायचे असतील तर रानपक्षी उतरतात अशा तळ्यापासून त्यांना दूर ठेवा आणि त्यांचे खाद्य उघड्यावर टाकू नका. अनेक पक्षी एकाच वेळी मेले तर स्वतः चिरफाड न करता पशुसंवर्धन विभागाला कळवा.

कोंबड्यांचा दुसरा मोठा शत्रू म्हणजे राणीखेत किंवा मानमोडी. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून भारतात या रोगाला हे नाव मिळाले. यावर लस आहे, ती स्वस्त आहे, तरी परसातल्या कोंबड्यांना ती द्यायचे राहून जाते. कोंबड्यांची जात निवडताना हेब्बाळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात विकसित झालेल्या गिरिराज आणि स्वर्णधारा या परसबागेसाठीच्या जाती पाहाव्यात. मोकळ्या जागेत वावरण्यासाठी त्या मुद्दाम तयार केल्या आहेत. पण जात चिवट असली तरी लस लागतेच.

आता रवंथ करणारे प्राणी. लाळ्या-खुरकूत गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि डुक्कर या साऱ्यांना होतो. पीपीआर मुख्यतः शेळ्या-मेंढ्यांचा. भारतात तो प्रथम १९८७ साली तमिळनाडूत नोंदला गेला, आणि जगातून २०३० पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. २०२२ साली देशभर पसरलेला लम्पी त्वचारोग मुख्यतः गुरांचा. म्हणजे शेळी आणि गाय यांचे काही आजार सामाईक, काही वेगळे.

जंतांच्या बाबतीत हा वेगळेपणा तुमच्या उपयोगी पडतो. शेळ्या-मेंढ्यांतला रक्त पिणारा जंत हीमॉन्कस हा पावसाळ्यात फार मारक ठरतो. अंड्यातून निघालेल्या अळ्या आठवडाभरात गवतावर चढतात आणि बहुतेक जमिनीपासून वीतभराच्या आत राहतात. गाईचे मुख्य जंत बहुतांशी वेगळे असतात. म्हणून शेळ्या चरून गेलेल्या तुकड्यात नंतर गाय चारली तर ती शेळ्यांच्या बऱ्याच अळ्या खाऊन टाकते आणि त्या तिच्या पोटात वाढत नाहीत. मिश्र पशुपालनाचा हा खरा फायदा आहे. शेळ्यांना मात्र वीतभराखालचे गवत चरू देऊ नये. जंताचे औषध सगळ्यांना ठरावीक महिन्यांनी सरसकट पाजण्यापेक्षा डोळ्याच्या पापणीची आतली बाजू पाहावी. ती फिकट पांढरी असेल त्या शेळीलाच द्यावे. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेल्या फामाचा या रंगतक्त्याचे हेच तत्त्व आहे. सरसकट औषधाने जंत चिवट होतात.

माणसाला होणारे आजार विशेष महत्त्वाचे. ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपाताचा जिवाणू, शेळी आणि गाईकडून माणसात येतो. शेळीकडून येणारा प्रकार माणसात अधिक तीव्र असतो. गाभडलेल्या जनावराचा गर्भ किंवा वार उघड्या हाताने उचलू नये, आणि दूध उकळल्याशिवाय पिऊ नये. कुत्र्याला कच्चे आतडे, यकृत किंवा फुप्फुस खायला देऊ नये. मेंढी-शेळीच्या अशा अवयवांतून कुत्र्याच्या पोटात फीतकृमी वाढतो, त्याची अंडी शेणा-मातीतून माणसापर्यंत पोहोचतात आणि यकृतात द्रवाच्या गाठी तयार होतात. राखणीच्या कुत्र्याला रेबीजची लस आणि जंताचे औषध हे साऱ्या कुटुंबाचे संरक्षण आहे. बेंगळुरूत येलहंका येथील राष्ट्रीय पशुरोग साथशास्त्र संस्था आणि हेब्बाळची लस बनवणारी राज्य संस्था याच विषयावर काम करतात. तुमच्या शेताला लागणारी यंत्रणा तुमच्या जवळ आहे, एवढे लक्षात असू द्या.

लसीकरणाची वही अशी ठेवा:
गाय: लाळ्या-खुरकूत दर सहा महिन्यांनी, घटसर्प आणि फऱ्या पावसाळ्यापूर्वी दरवर्षी, कालवडीला चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदा ब्रुसेल्लाची लस.
शेळी: आंत्रविषार दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, पीपीआर वयाच्या तीन-चार महिन्यांनंतर, तिचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते.
कोंबडी: पहिल्या आठवड्यात लासोटा, आठव्या आठवड्यात आर२बी.
कुत्रा: तिसऱ्या महिन्यात रेबीज, मग दरवर्षी.
वेळापत्रक स्थानिक पशुवैद्यकाकडून पक्के करून घ्या. १९६२ हा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठीचा टोल-फ्री क्रमांक आहे.

नव्या प्राण्याला तीन ते चार आठवडे वेगळ्या जागी ठेवा. कामाचा क्रम असा असावा: आधी पिल्ले, मग निरोगी प्रौढ, मग नवे आलेले, शेवटी आजारी. बूट आणि बादल्या या क्रमाविरुद्ध फिरवू नका.

७. वाढते कुटुंब

पाठाच्या सुरुवातीला आपण संख्येचा प्रश्न उभा केला होता. शेळीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा असतो, आणि महाराष्ट्रातली उस्मानाबादी शेळी वारंवार जुळी देते. तुमच्या चारपैकी तीन माद्या व्याल्या तर एका वेळेस पाच-सहा करडे होतात. तुमच्या जमिनीत त्यांच्यासाठी पाला नाही, हे तुम्ही नुकतेच मोजले. म्हणून व्यायच्या आधीच ठरवा: करडे कधी, कोणाला आणि कशासाठी द्यायची. बोकड तीन महिन्यांचा झाला की वेगळा करा, नाहीतर तो बहिणी-आईलाच माजावर येताच लागतो आणि कमी वयात गाभण राहतात. नको असेल त्याचे खच्चीकरण वेळेवर करून घ्या.

गाईला गोऱ्हा झाला तर प्रश्न अवघड होतो. कर्नाटकातील २०२० च्या कायद्यानुसार गाय, वासरू आणि बैल यांच्या कत्तलीला बंदी आहे. महाराष्ट्रातही २०१५ पासून अशी बंदी आहे. या कायद्याबद्दल तुमचे मत काहीही असो, शेतमालकासाठी त्याचा अर्थ सरळ आहे: गाय वीसेक वर्षे जगू शकते, दूध त्यातली निम्मी वर्षेही देणार नाही, आणि तिचा शेवटपर्यंतचा चारा तुमच्याकडे आहे. लिंगनिर्धारित वीर्यमात्रा वापरून कालवडीची शक्यता वाढवता येते. मात्र त्या गाईचे आयुष्य सांभाळायची तयारी नसेल तर गाय न ठेवणे हा प्रामाणिक निर्णय आहे. शेळ्या-कोंबड्यांचे छोटे कुटुंबही पूर्ण कुटुंबच असते.

आणखी एक कायदा लक्षात ठेवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार मोर, पोपट, मुनिया आणि तारांकित कासव यांसारखे भारतीय वन्य प्राणी पाळणे गुन्हा आहे. शेताची शोभा म्हणून कोणी ते देऊ केले तरी स्वीकारू नका.

वासरू किंवा करडू जन्मले की पहिली दोन तास निर्णायक असतात. त्याला शरीराच्या वजनाच्या एक दशांश इतका चीक पहिल्या दिवसात, आणि त्यातला पहिला भाग जन्मानंतर लगेच पाजा. चिकातली रोगप्रतिकारक द्रव्ये पहिल्या दिवसानंतर आतड्यातून शोषली जात नाहीत. चीक पाजायला उशीर झाला, तर पुढे कितीही औषधे दिली तरी ती उणीव भरून येत नाही.

सारांश

मिश्र पशुपालनात प्रत्येक प्राण्याचे पोट, जागा आणि आजार वेगळे आहेत. आपण फक्त आवार एक ठेवतो. चाऱ्याचा हिशोब संख्या ठरवतो, आणि आपली हौस त्या संख्येच्या आत बसवावी लागते. वेगवेगळ्या जातींचे जंत वेगळे असणे, गोठ्याचे शेण तुतीला आणि तुतीचा पाला गोठ्याला जाणे, कोंबड्यांनी शेणातल्या अळ्या टिपणे ही मिश्रणाची खरी कमाई आहे. ती मिळते सीमा नीट आखल्यावरच.

स्वाध्याय

१. ३५० किलोची गाय आणि २५ किलोच्या सहा शेळ्या यांच्यासाठी रोजचा कोरडा पदार्थ काढा. शेळ्यांचा वाटा एकूण गरजेच्या किती टक्के आहे?
२. तुमच्या भागात मिळणाऱ्या एका वाळलेल्या आणि एका हिरव्या चाऱ्याची नावे लिहा. तो स्वस्त कोणत्या महिन्यांत असतो, याची चौकशी करा.
३. शेळी, मेंढी, कोंबडी आणि घोडा एकाच शेतावर असतील तर कोणते खाद्य कोणापासून दूर ठेवाल? कारणासह तक्ता करा.
४. शेळ्यांच्या मागून गाय चारण्याचा फायदा जंतांच्या जीवनचक्राच्या आधारे समजावून सांगा.
५. तुमच्या शेतावर गाय ठेवायची की नाही, हे ठरवताना तिच्या पूर्ण आयुष्याचा खर्च कसा मांडाल? वर्षनिहाय आराखडा तयार करा.